जुन्या डायनिंग टेबलावर नवं पॉलिश का बसत नाही: चिकटपणा, खड्डे, पांढुरकी झाक आणि सुटणारे पापुद्रे

टेबल घासून झालं, पॉलिशचे तीन हात मारून झाले, दहा दिवस उलटले, तरी हात टेकला की मनगट चिकटतं. वर वर्तमानपत्र ठेवलं तर उचलताना त्याची अक्षरं टेबलावर उमटलेली दिसतात. मग पुन्हा घासायचं, नवा डबा आणायचा, पुन्हा तीन हात मारायचे, आणि पुन्हा तेच. सेकंडहँड टेबलांच्या बाबतीत ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे आणि इतक्यांदा स्वतः निस्तरली आहे, की आता कुणी विचारलं तर मी डब्याची चौकशी शेवटी करते. आधी विचारते ते हे: या टेबलाला यापूर्वी काय काय लावलेलं होतं?

बहुतेकांना ते माहीत नसतं. माहीत असणार तरी कसं? टेबल दुसऱ्याच्या घरात वर्षानुवर्षं वापरलेलं असतं. कुणी त्यावर मेण चोळलेलं असतं, कुणी चमक आणणारा स्प्रे मारलेला असतो, कुणी तेल पुसलेलं असतं. दोष बहुतेक वेळा तिथेच असतो आणि शिक्षा मात्र नव्या पॉलिशला होते. म्हणून काचपेपर हातात घेण्याआधी टेबलाची नीट चौकशी करायची. बहुतेक तपासण्यांना एक फडकं, कापूस आणि थोडा धीर एवढंच लागतं.

लक्षणं

आपल्या टेबलाला नेमकं काय झालंय ते आधी ठरवा, कारण वरवर सारखी दिसणारी दुखणी आतून वेगवेगळी असतात.

पृष्ठभाग सगळीकडे सारखाच चिकट असेल, तर संशय डब्यावर, हवेवर किंवा एकावर एक घाईने मारलेल्या हातांवर. 

चिकटपणा फक्त ठरावीक जागी असेल, विशेषतः खुर्च्यांसमोरच्या कडेला जिथे माणसं कोपर आणि मनगट टेकतात, तर संशय जुन्या थरावर. अंगाचं तेल आणि घाम वर्षानुवर्षं मुरला की लाख पॉलिश (लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं) आणि लॅकर (थिनरमध्ये विरघळणारं, भराभर वाळणारं पॉलिश) दोन्ही मऊ पडतात. त्या मऊ थरावर काहीही मारा, ते मऊच राहणार.

पॉलिश ओलं असतानाच त्यात बारीक गोल खड्डे पडत असतील, मधोमध लाकूड उघडं आणि भोवती पॉलिशची कड, जणू माशाचे डोळे, तर ते सिलिकोन आहे. दुसरं काही क्वचितच असतं.

वाळता वाळता दुधासारखी झाक आली तर ती ओल. नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघत असेल तर खालच्या थराशी पकड झालेली नाही. स्टेन, म्हणजे पॉलिशआधी लाकडाला द्यायचा रंग, कुठे गडद, कुठे फिका बसला असेल तर तिथे जुना सरस, जुनं पॉलिश किंवा घासण्यातली कुचराई. काळे डाग ही वेगळी गोष्ट आहे, त्यावर पुढे लिहिते.

आधी वास, मग नख

सगळ्यात स्वस्त तपासणी नाकाची. टेबलाच्या फळीला नाक जवळजवळ टेकवा आणि हुंगा. पॉलिशचा वास अजून येत असेल तर ते वाळलेलं नाही, त्यातून द्रावक अजून बाहेर पडतंय. मग खालच्या बाजूला किंवा कडेला, जिथे नजर जात नाही अशा जागी अंगठ्याचं नख दाबा. खळी उमटली आणि तशीच राहिली, तर वरची साय वाळली आहे आणि आतला थर कच्चा आहे.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. ‘वाळणं’ आणि ‘पिकणं’ ही दोन वेगळी कामं आहेत. तेलाधारित व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन हाताला कोरडं लागायला काही तास लागतात, दोन हातांमध्ये साधारण २४ तास ठेवावे लागतात, पण पूर्ण कडक व्हायला महिनाभर जातो. ते नुसतं द्रावक उडून घट्ट होत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची रासायनिक क्रिया व्हावी लागते. जाड हात मारला की वर साय धरते आणि खालच्या थराला ऑक्सिजन मिळतच नाही. तीन पातळ हात आणि एक जाड हात यांत पॉलिश सारखंच जात असेल, पण जाड हात आठवडे चिकट राहतो.

म्हणून पहिला उपाय काहीही न करण्याचा. टेबल हवेशीर, कोरड्या, जरा उबदार खोलीत दोन आठवडे ठेवा, पंखा लावा, वर काही झाकू नका. मग एका कोपऱ्यात २२० नंबरचा काचपेपर चार वेळा फिरवा. पांढरी कोरडी पूड निघाली तर काम झालं. कागदावर गोळ्या धरल्या, कागद भरून गुळगुळीत झाला, तर अजून कच्चं आहे. आणि काहीही झालं तरी चिकट थरावर आणखी एक हात मारू नका. वरचा हात खालच्याला झाकून ठेवतो आणि दुखणं कायमचं आत कोंडतं.

काचेचा तुकडा

दोष डब्यात की टेबलात, याचा निकाल लावायला मी हीच युक्ती वापरते आणि ती मला सगळ्यात आवडते. काचेचा एक स्वच्छ तुकडा घ्या. त्याच डब्यातलं पॉलिश, त्याच ब्रशने, तेवढ्याच जाडीने काचेवर मारा आणि तो टेबलाशेजारी ठेवा. म्हणजे हवा तीच, ऊब तीच. २४ तासांनी दोन्हींना बोट लावा.

काचेवरचंही चिकट असेल तर डबा किंवा हवा दोषी. काचेवर कडक आणि टेबलावर चिकट, तर डबा निर्दोष आहे. तो फेकू नका, नवा आणू नका. टेबल तपासायला लागा.

डबा जुना असेल, उघडल्यावर वर जाड साय धरलेली असेल, तर तो वापरूच नका. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेल्या पॉलिशच्या बाबतीत तर हे हमखास घडतं. लाख स्पिरिटमध्ये पडून राहिली की त्या दोघांची हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि काही महिन्यांनी ते पॉलिश कितीही थांबलं तरी कडक होत नाही. सुकी चपडी मात्र बरीच टिकते. म्हणून लागेल तेवढीच विरघळवायची, बाटलीवर तारीख लिहायची आणि सहा महिने झाले की काचेवर चाचणी घेतल्याशिवाय वापरायची नाही.

हवा

दुधाळ झाक आली असेल तर कारण सोपं आहे. लॅकरमधलं थिनर किंवा लाख पॉलिशमधलं स्पिरिट भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं आणि दमट हवेतलं पाणी त्या गार पृष्ठभागावर दव पडावं तसं जमतं. ते पॉलिशमध्ये अडकलं की पांढुरकं दिसतं. घाबरू नका, यासाठी टेबल खरवडायची गरज नसते. कोरडा दिवस बघा. लाख पॉलिश असेल तर स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा हलक्या हाताने, न थांबता एकदा फिरवा. थर क्षणभर मऊ होतो, पाणी निसटतं आणि झाक जाते. लॅकरसाठी सावकाश उडणारं, रिटार्डर म्हणून मिळणारं थिनर थोडं मिसळून पातळ हात द्यावा. हवा फारच दमट असेल तर पॉलिशचं काम काढूच नका, आणि थंडी १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तरीही नको.

टेबल उलटं करा

हे सोपं आहे, फुकट आहे, तरी फार थोडे लोक करतात. खालची बाजू कुणी सजवलेली नसते, त्यामुळे तिथे खरं दिसतं. वरच्या फळीवरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून खाली उतरतात का ते बघा. भरीव लाकडात त्या कडेपर्यंत जातात, आणि फळीच्या टोकाला कापलेल्या लाकडाची वर्तुळं दिसतात. वर सुंदर रेषा, कडेला वेगळी पट्टी आणि खाली प्लायवुड किंवा भुशाचा बोर्ड असेल तर वर व्हिनिअर, म्हणजे चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा आहे. अलीकडच्या व्हिनिअरची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे तुमच्या नखाएवढी. त्यावर घासण्याचं मशीन चालवलं तर एका जागी काही सेकंद थांबलात तरी खालचा बोर्ड उघडा पडतो, आणि त्याला दुरुस्ती नाही. पुढचा सगळा बेत या एका उत्तरावर ठरतो, म्हणून ते आत्ताच मिळवा.

खाली बारीक गोल भोकं आणि त्यांच्याखाली ताजी, पिठासारखी पूड दिसली तर घुण जिवंत आहे. पूड झटका, खाली काळा कागद पसरा, आठवड्याने बघा. पुन्हा पूड पडली तर पॉलिशचं काम तिथेच थांबवा आणि कीडनियंत्रणवाल्यांना बोलवा. बाकीच्या लाकडी सामानापासून टेबल लांब ठेवा.

मेण आणि सिलिकोन

आता टेबलावर पाण्याचा एक थेंब टाका. तो मोत्यासारखा गोल उभा राहिला तर वर मेण, तेल किंवा धड असलेलं पॉलिश आहे. पसरून मुरला तर लाकूड उघडं आहे. मग पांढऱ्या सुती फडक्यावर मिनरल टर्पेंटाइन घेऊन तळहाताएवढी जागा चोळा. पक्क्या झालेल्या पॉलिशला ते काही करत नाही, पण मेण आणि तेलकट मळ विरघळवतं. फडक्यावर पिवळट-तपकिरी चिकटा आला तर या टेबलाने मेण खाल्लेलं आहे. फडकं उलटत, बदलत, ते स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. नुसतं घासलं तर मेण उष्णतेने पातळ होऊन लाकडात आणखी खोल जातं, म्हणून आधी पुसणं आणि मग घासणं, हा क्रम बदलायचा नाही.

सिलिकोन याहून हट्टी. झटपट चमक देणाऱ्या बऱ्याच फर्निचर स्प्रेंमध्ये ते असतं. पॉलिशच्या बारीक भेगांतून ते लाकडात उतरतं, आणि त्याचा पृष्ठताण इतका कमी असतो की नवं पॉलिश त्याच्यापासून मागे सरकतं. तेच ते खड्डे. एका टेबलावर मी खड्डे पडलेला थर दोनदा घासून काढला आणि दोन्ही वेळा खड्डे नेमके त्याच पट्ट्यात परत आले, फक्त जरा जास्त पसरून. काचपेपरनेच मी ते सिलिकोन शेजारच्या लाकडावर नेलं होतं.

जमलं ते असं. खड्डे दिसताच, पॉलिश ओलं असतानाच, ते सगळं त्याच्याच थिनरने पुसून काढलं. मग टर्पेंटाइनने चार वेळा, प्रत्येक वेळी नवं फडकं, एकाच दिशेने पुसत. वाळू दिलं. त्यावर मेणविरहित लाखेचा पातळ हात. लाख सिलिकोनवरही बसते आणि त्याला खाली कोंडून ठेवते. तास-दोन तासांनी दुसरा पातळ हात. त्यानंतर ३२० नंबरने अगदी हलकं घासून वरचं पॉलिश. लाखेचे हे दोन हात आरपार घासले गेले तर सिलिकोन पुन्हा मोकळं होतं, म्हणून इथे जोर अजिबात लावू नका.

लाख मेणविरहितच हवी. साध्या चपड्यात स्वतःचं नैसर्गिक मेण असतं आणि त्यावर पॉलियुरेथेन पकड घेत नाही. ‘आधी लाख मारली होती, तरी पापुद्रे निघाले’ असं कुणी म्हटलं की मी हेच विचारते.

जुना थर कसला आहे

कापसाचे दोन बोळे, थोडं स्पिरिट, थोडं लॅकर थिनर. जागा निवडा फळीच्या खालच्या कडेला. आधी स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवून ठेवा. थर चिकट होऊन बोळ्याला रंग लागला तर लाख पॉलिश. काहीच झालं नाही तर शेजारी थिनरचा बोळा. आता विरघळला तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर पॉलियुरेथेन, मेलामाइन किंवा तत्सम पक्का थर. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधीच थिनर लावलं तर लाखही मऊ पडू शकते आणि निदान चुकतं.

याचा उपयोग काय? लाख आणि लॅकर आपापल्या द्रावकात परत विरघळतात, त्यामुळे नवा हात जुन्यात मुरतो आणि दोन्ही एकजीव होतात. जुना थर धड असेल तर असं टेबल खरवडायचं कारणच नाही: स्वच्छ करा, त्याच जातीचं पॉलिश पातळ करून मारा. पॉलियुरेथेन मात्र एकदा पिकलं की विरघळत नाही. नव्या हाताला पकड हवी तर जुन्यावर बारीक ओरखडे लागतात, म्हणून २२० किंवा ३२० नंबरने चमक पूर्ण मरेपर्यंत घासायचं. एखादा ठिपकाही चमकत राहिला तर तिथून पापुद्रा निघेल.

पकड आहे की नाही ते बघायचं तर ब्लेडने चार आडव्या, चार उभ्या बारीक रेघा मारून जाळी करा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर आले तर तो थर गेलाच म्हणून समजा. त्यावर काही चढवू नका.

लाकूड स्वतःच

सगळं स्वच्छ, डबा चांगला, हवा कोरडी, तरी शिसवाचं टेबल चिकटच? शिसवात असे नैसर्गिक घटक असतात जे तेलाधारित व्हार्निशची ऑक्सिजनशी होणारी क्रिया अडवतात. सागही तेलकट. उपाय तोच: पॉलिश मारण्याच्या अगदी आधी ॲसिटोन किंवा थिनरने पुसायचं, वाळल्यावर लगेच मेणविरहित लाखेचा हात, मग हवं ते. पुसून रात्रभर ठेवलं तर आतलं तेल पुन्हा वर येतं.

खरवडायची वेळ आली तर

इथपर्यंतच्या तपासण्यांत दोन-तीन दिवस जातात. खरवडायला निम्मी ताकद आणि सगळा धीर जातो, म्हणून ते शेवटी.

थर गोळा होऊन चिकट राहिलाय, आत काय आहे ते कळलंय, थांबूनही उपयोग नाही, तर पेंट रिमूव्हर. मिथिलीन क्लोराइड असलेलं घेऊ नका. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत, शिवाय शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बेन्झाइल अल्कोहोलचं रिमूव्हर सावकाश चालतं, काही तास लागतात, पण घरात तेच बरं. जाड लावा, प्लास्टिकने झाका, उठून आलं की बोथट पत्रीने रेषेच्या दिशेने ओढा. पत्रीचे कोपरे आधी कानशीने गोल करून घ्या, नाहीतर लाकडावर चरे पडतात.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. अनेक रिमूव्हरमध्ये ते लवकर उडून जाऊ नये म्हणून मेण घातलेलं असतं. थर निघतो, लाकूड सुंदर दिसतं, आणि त्या मेणाचा हात लाकडावर राहून जातो. नवं पॉलिश पुन्हा चिकट! म्हणून डब्यावर सांगितलेल्या द्रावकाने दोनदा पुसा आणि एक दिवस वाळू द्या.

व्हिनिअरवर रिमूव्हर चालतं, मशीन नको. भरीव लाकडावर १२०, १५०, १८० असे नंबर क्रमाने. खोल ओरखडे असतील तरच ८० पासून. मधला नंबर गाळला तर आधीच्या कागदाच्या रेघा स्टेन लावल्यावर उघड्या पडतात. प्रत्येक नंबरच्या आधी फळीभर पेन्सिलने नागमोडी रेघ काढा आणि ती पूर्ण पुसली जाईपर्यंत घासा, म्हणजे एकही जागा सुटत नाही. स्टेन लावायचा असेल तर १८० ला थांबा. त्यापुढे लाकूड इतकं गुळगुळीत होतं की स्टेन आत शिरत नाही. शेवटी खोलीतले दिवे बंद करून विजेरी फळीला जवळजवळ आडवी धरा. वरून न दिसणारे ओरखडे त्या तिरप्या उजेडात सावली टाकतात. फळी ओल्या फडक्याने पुसलीत तर सरसाचे डाग फिके राहतात, तेही तेव्हाच काढून घ्या.

पॉलिशमध्ये पाणी असेल तर दोन हातांमध्ये लोखंडी काथ्या (स्टील वूल) वापरू नका. त्याचे कण अडकून गंजतात.

डाग

पांढरं वर्तुळ म्हणजे ओल किंवा उष्णता पॉलिशच्या थरातच थांबली आहे. लाकूड खाली सुखरूप आहे. काळं वर्तुळ म्हणजे पाणी लाकडापर्यंत गेलं, तिथे लोह आणि लाकडातलं टॅनिन यांचा संयोग झाला. ते घासून जात नाही, घासत बसलात तर खड्डा पडेल. ऑक्झॅलिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून उघड्या लाकडावर लावा. फक्त डागावर लावू नका, पूर्ण फळीवर लावा, नाहीतर तिथे फिका चट्टा उठतो. वाळलं की भरपूर पाण्याने दोन-तीनदा पुसा. ते विषारी आहे: हातमोजे, चष्मा, आणि वर उरलेले स्फटिक कोरडे घासायचे नाहीत, कारण ती धूळ घशाला आणि डोळ्यांना जाळते. दुसऱ्या कुठल्याही ब्लीचमध्ये मिसळू नका.

इथे थांबा

टेबलाला जुना तैलरंग असेल तर घासण्याआधी शिशाची चाचणी करून घ्या. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आणली, भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या अखेरीस लागू झाली. म्हणजे जुन्या रंगात शिसं असणं मुळीच अशक्य नाही. चाचणी होकारार्थी आली तर कोरडं घासणं नाही, हीट गन नाही. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर ते काम सरळ जाणकाराकडे द्या.

व्हिनिअर मोठ्या फोडासारखं उठलंय, नक्षीत लाकडाचे तुकडे जडवलेले आहेत, फळी आरपार चिरली आहे किंवा ताटासारखी वाकली आहे, तर सुतार हवा. वाकलेली फळी स्क्रूने ओढून सरळ करू नका. लाकूड रेषेला आडवं फुगतं आणि आकसतं, त्याला जागा दिली नाही तर ते दुसरीकडे फाटतं. लाखेचे दोन थर देऊनही खड्डे येत असतील तर पॉलिशवाल्याला दाखवा. टेबल खरोखर जुनं आणि मोलाचं असेल, मूळ लाख पॉलिश शाबूत असेल, तर टर्पेंटाइनने मेण काढण्यापलीकडे काही करू नका आणि जुन्या फर्निचरच्या कामातल्या माणसाला बोलवा. दोन भाग मिसळून वापरायचं पीयू (पॉलियुरेथेन) घरात स्प्रे करणं हे तर आपलं कामच नाही, त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो.

आणि काम करताना डोकं जड झालं, मळमळलं तर हातातलं टाकून बाहेर या. धूळ अडवणारा एन ९५ मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही. त्याला सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज लागतं.

तेल किंवा तेलाधारित पॉलिश पुसलेली फडकी चुरगळून बादलीत टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेल्या फडक्यात ती कोंडून आग लागते, काडीशिवाय. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

शेवटचा हात झाल्यावर महिनाभर टेबलक्लॉथ, रबरी पाय असलेल्या वस्तू आणि गरम भांडी वर नकोत. टेबल पालथं घालायची वेळ आली की पेन्सिलीने फळीच्या खाली लिहून ठेवा: तारीख, आधी काय निघालं, सील कशाने केलं, वर काय मारलं, किती हात. पुढे ज्याच्या घरी हे टेबल जाईल त्याला बोळे घेऊन बसावं लागणार नाही.